मुसीकाठची चिंच

आमच्या मराठवाड्यातल्या माणसाला हैदराबाद परकं वाटत नाही. १९५६ पर्यंत आमची राजधानीच ती. आजी गावचा ओढा फुगला की म्हणायची, ‘तुगियानी आली.’ हा शब्द तिच्यापर्यंत मुसी नदीच्या पुरावरून आला होता, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून यंदाच्या हिवाळ्यात एक सबंध दिवस मुसीच्या काठाने चालायचं ठरवलं. पुराना पूल ते चादरघाट. अंतर तीन-साडेतीन किलोमीटर. घाईचा माणूस तासाभरात संपवेल. मला संध्याकाळ झाली.

पुराना पूल १५७८चा. चारमिनारपेक्षा तेरा वर्षांनी थोरला, म्हणजे शहराच्या आधी पूल! गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहाने तो बांधला. शाहजादा मुहम्मद कुली भागमतीला भेटायला भरल्या नदीत घोडा घालायचा, म्हणून बापाने काळजीने पूल बांधला, अशी गोष्ट सांगतात. शाहजाद्याचं वय तेव्हा तेरा वर्षं. इतिहासकार मान हलवतात. पण शायरांच्या धंद्यात अशी गोष्ट कोण टाकून देईल? फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने या पुलाची तुलना थेट पॅरिसच्या पुलाशी केली होती. मी मात्र बावीस कमानी मोजायला वाकलो आणि नाकाला रुमाल लावून परतलो.

तिथून पुढे काठाकाठाने जाताना दक्षिणेला हायकोर्टाचे घुमट दिसतात आणि समोरच्या तीरावर उस्मानिया दवाखाना. या दवाखान्याच्या आवारात एक जुनं चिंचेचं झाड आहे. मी खरा आलो होतो त्याच्यासाठी.

२८ सप्टेंबर १९०८. वर अनंतगिरीच्या बाजूला पाऊस कोसळत होता. मुसीच्या पाणलोटातल्या शेकडो तलावांपैकी दोनशेहून अधिक तलाव एकामागून एक फुटले आणि ते सगळं पाणी शहरावर आलं. पूल वाहून गेले, मोहल्ले गेले. मृतांचा आकडा साधारण पंधरा हजार सांगतात. त्या दिवशी या चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. कोण कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं, हे फांदीने विचारलं नाही.

उर्दूतले रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्याच पुरात त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. घरात ते एकटे वाचले. पुढे १९६१ पर्यंत जगले, लिहीत राहिले. मी कवितेतला माणूस आहे, शब्दांवर माझं पोट नसलं तरी जीव आहे. पण त्या झाडाखाली उभं राहून वाटलं, आपण ‘दुःख’ हा शब्द किती स्वस्तात वापरतो!

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी पूरग्रस्तांसाठी राजवाड्यांचे दरवाजे उघडले. नदी शांत व्हावी म्हणून त्यांनी तिला साडी आणि मोती वाहिले, अशी आठवणही शहरात सांगतात. मोत्यांनंतर इंजिनियर आले. १९०९मध्ये विश्वेश्वरय्यांना बोलावणं गेलं. त्यांनी सांगितलं, शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधा. पूर अडेल, प्यायला पाणीही होईल. त्यातून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि तिला मिळणाऱ्या ईसीवर हिमायतसागर (१९२७) झाले. काठाला दगडी बांध घातले, बागा केल्या. हायकोर्ट, दवाखाना, सिटी कॉलेज या देखण्या इमारती पुरानंतरच्याच.

योजना शहाणपणाची होती, यात शंका नाही. पण नदी एकदा भिण्यासारखी राहिली नाही की माणूस तिच्याकडे पाठ फिरवतो. पावसाळा सोडला तर मुसीत पाणी उरलं ते बरंचसं सांडपाणी. पुलावरून लोक गाडीच्या काचा वर करून जातात.

नया पूल ओलांडून मी इम्लीबनपर्यंत आलो. इम्लीबन म्हणजे चिंचांचं बन. तिथे आता महात्मा गांधी बसस्थानक आहे, अगदी नदीच्या पात्रात. आपल्या नांदेड-लातूरच्या कित्येकांनी हैदराबादचं पहिलं दर्शन इथेच घेतलेलं. सप्टेंबर २०२५च्या अखेरीस वरच्या जलाशयांची दारं उघडली आणि या बसस्थानकात पाणी शिरलं, प्रवासी अडकले. तारीख जवळजवळ तीच, वर्षं मधे एकशे सतरा.

चादरघाटच्या खालच्या वस्तीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. २०२४मध्ये नदीकाठ सुशोभित करण्यासाठी मुसीकाठच्या घरांवर लाल खुणा केल्या गेल्या, काही घरं पाडलीही. नदीला जागा हवी, हे खरंच. पण पूर आला की पहिली बुडणारी आणि बाग करायची झाली की पहिली उठणारी माणसं तीच असावीत का? एका ओट्यावर पालक निवडणाऱ्या बाईंनी मला न्याहाळलं. ‘नद्दी देखने कू आए क्या? बारिश में आना था.’ मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

रात्रीची नांदेडची बस होती. फलाटावर पाणी कुठवर चढलं होतं, त्याची खूण भिंतीवर शोधत होतो, तेवढ्यात गाडी लागली.