छायाचित्रसंग्रह, ऑनलाइन (फणसवाडी–गिरगाव)

डिजिटल छायाचित्रे व चित्रफिती इंटरनेटवर साठवणे, लावून ठेवणे आणि इतरांना पाहण्यास खुल्या करणे. फणसवाडी हा गिरगावातील ठाकूरद्वारजवळचा, जुन्या चाळींचा भाग. गणेशोत्सव, गुढीपाडव्याची शोभायात्रा आणि पुनर्विकासात पडणाऱ्या चाळी यांमुळे या परिसराची छायाचित्रे विपुल निघतात. मेट्रो-३ च्या गिरगाव व काळबादेवी स्थानकांसाठीही जगन्नाथ शंकरशेट मार्गावरील काही इमारती पाडण्यात आल्या. त्यांचे रूप आता छायाचित्रांतच उरले आहे.

साधने : फ्लिकर (२००४) हे आरंभीचे महत्त्वाचे संकेतस्थळ, त्याच्या मोफत खात्यावर २०१९ पासून १,००० चित्रांची मर्यादा आली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी, तर पिकासा २०१६ मध्ये बंद झाले. गूगल फोटोज (२०१५) येथील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून संपली; नवी चित्रे १५ जीबीच्या सामाईक मर्यादेत मोजली जाऊ लागली.

व्हॉट्सॲप : चाळीचे, मंडळाचे आणि उपनगरांत पांगलेल्या जुन्या शेजाऱ्यांचे गट यांमुळे प्रत्यक्षात सर्वाधिक देवाणघेवाण येथेच होते, आणि दस्तऐवज म्हणून सर्वाधिक नुकसानही येथेच. चित्र पाठवताना त्याचा आकार घटतो. कॅमेऱ्याने नोंदलेली वेळ व स्थळ (एक्झिफ) गळून पडते. अँड्रॉइड फोनवर उतरलेल्या फाइलला ‘आयएमजी-२०१९०४०६-डब्ल्यूए००१२’ असे नाव मिळते. त्यातील तारीख चित्र मिळाल्याची असते, काढल्याची नव्हे. एखाद्या लग्नाचे कृष्णधवल चित्र मोबाइलने टिपून ६ एप्रिल २०१९ रोजी, म्हणजे पाडव्याला, गटावर टाकले, की फाइलच्या लेखी ते त्या पाडव्याचेच. संग्राहकाची अर्धी शक्ती असल्या तारखा दुरुस्त करण्यात जाते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास ही माहिती शाबूत राहते. फार थोडे लोक तसे करतात.

चित्रफिती : मुख्यतः यूट्यूबवर (स्थापना २००५).

हक्क : छायाचित्राचा कर्ता सामान्यतः ते टिपणारा. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रावरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. या कायद्याच्या (१९५७) कलम ५२ नुसार इमारतीचे, तसेच सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढता व प्रसिद्ध करता येते. गणेशमूर्ती मात्र विसर्जनाची. तिला ‘कायमस्वरूपी’ म्हणावे का, हा प्रश्न वादाचा आहे. चित्रांतील व्यक्तींच्या संमतीचा विचार क्वचितच होतो.

मुक्त संग्रह : विकिमीडिया कॉमन्स (२००४) येथे चित्र चढवताना कर्ता, स्रोत व परवाना नमूद करावा लागतो. गैरसोयीची असली तरी वस्तीच्या इतिहासासाठी ही शिस्तच अधिक भरवशाची. चाळ, मजला आणि साल सांगू शकणारे रहिवासी आहेत तोवर चित्रांखालच्या ओळी त्यांच्याकडून लिहून घ्याव्यात.