थामा
थामा : वेताळ आणि लांडगा-मानव यांना एकाच कथेत समोरासमोर आणणारा हिंदी भयपट. प्रदर्शन २१ ऑक्टोबर २०२५, ऐन दिवाळीत. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. निर्मिती दिनेश विजन यांच्या मॅडॉक फिल्म्सची. प्रमुख भूमिका आयुष्मान खुराना, रश्मिका मंदाना, नवाजुद्दीन सिद्दीकी आणि परेश रावल यांच्या; लांडगा-मानवाच्या पाहुण्या भूमिकेत वरुण धवन. संगीत सचिन-जिगर. ‘स्त्री’ (२०१८), ‘भेडिया’ (२०२२), ‘मुंज्या’ (२०२४) आणि ‘स्त्री २’ (२०२४) यांच्याशी पात्रांनी व प्रसंगांनी जोडलेल्या मालिकेतला हा पाचवा चित्रपट. भीती, विनोद, प्रेमकथा आणि हाणामारी या चौघांची मोट या मालिकेत बांधलेली असते. ‘थामा’मध्ये त्यांपैकी प्रेमकथेला आणि हाणामारीला जास्त जागा मिळाली आहे.

कथानक : आलोक गोयल हा दिल्लीचा तरुण पत्रकार भटकंतीसाठी डोंगरातल्या जंगलात जातो आणि अस्वलाच्या हल्ल्यात सापडतो. त्याला वाचवणारी ताडका वेताळांच्या टोळीतली असते. माणसाचे रक्त प्यायचे नाही, असा या टोळीचा नियम आहे. १९४७च्या फाळणीत माणसांनी एकमेकांची जी कत्तल केली ती पाहून, माणसाचे रक्त आता द्वेषाने नासले आहे, असे वेताळांनी ठरवले. हा नियम न मानणारा त्यांचा जुना म्होरक्या, म्हणजे ‘थामा’, यक्षासन याला त्यांनी गुहेत कोंडून ठेवले आहे. पुढे आलोक अपघातात सापडतो, त्याला जगवण्यासाठी ताडका त्याला चावते आणि तोही वेताळ होतो. मग एका बाजूला घरी आईवडिलांपासून हे लपवण्याची धडपड आणि दुसऱ्या बाजूला यक्षासनाची सुटका, अशा दोन धाग्यांनी कथा शेवटाकडे जाते.

फाळणीचा हा दुवा म्हणजे संहितेतली सर्वांत मोलाची गोष्ट. भयपटातले भूत माणसाला भिते, असे हिंदीत क्वचितच घडले असेल. इथे वेताळच माणसाच्या हिंसेने शहारतो आणि व्रत घेतो. चित्रपटाने या कल्पनेवर आणखी थांबायला हवे होते. ती येते आणि गाण्यांच्या गर्दीत मागे पडते.

वेताळ आणि लांडगा : युरोपीय परंपरेत रक्तपिपासू आणि मनुष्यलांडगा हे दोघेही शापित. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) कादंबरीने पहिल्याला कायमचा चेहरा दिला, आणि लेन वाइजमन यांच्या ‘अंडरवर्ल्ड’ (२००३) या हॉलिवूडपटाने दोन्ही जमातींत पिढ्यानपिढ्या चालत आलेले युद्ध रंगवले. केट बेकिन्सेल यांच्या काळ्या पोशाखातल्या नायिकेमुळे तो इथल्या तरुण प्रेक्षकांनाही ठाऊक आहे. ‘थामा’मधली झुंज पाहताना ‘अंडरवर्ल्ड’ची आठवण होणे साहजिक आहे, पण दोन्हींची मुळे वेगळी आहेत. इथे लांडगा-मानव भास्कर हा ‘भेडिया’मधून आलेला. अमर कौशिक दिग्दर्शित त्या चित्रपटात अरुणाचल प्रदेशातील झिरोच्या परिसरात रस्ता काढायला गेलेल्या कंत्राटदाराला लांडगा चावतो आणि जंगल तोडायला आलेला माणूसच जंगलाचा राखणदार होतो. भास्कर आलोकवर धावून जातो तो पिढीजात वैर म्हणून नव्हे, तर वेताळाच्या रक्ताने आपले बळ वाढेल म्हणून. दोघेही राखणदार जातीचे आहेत, म्हणून ही झुंज कुणी एक मरावा यासाठी होत नाही.

राखणदारीचा हा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. वेताळ आपल्याकडे गोष्टीत आहे तसा देवळातही आहे. गोष्टीतला वेताळ ‘वेताळ पंचविशी’चा. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त या कथा आहेत, आणि ‘चांदोबा’ मासिकाने विक्रमाच्या खांद्यावरचे ते प्रेत मराठी घराघरांत पोहोचवले. हा वेताळ रक्त मागत नाही, न्यायाचे कोडे घालतो. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली या कथा इंग्रजीत सांगताना वेताळाला थेट रक्तपिपासूचे नाव दिले. तेव्हापासून पाश्चात्त्य वाचकांच्या मनात दोघांची गल्लत झाली, आणि हिंदी चित्रपटानेही पुढे तीच वाट धरली.

देवळातला वेताळ याहून वेगळा. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. नवस फेडायला त्याला केळीचे घड आणि मोठाल्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाच्या सीमेवर गस्त घालतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. गोव्यात आमोणे आणि लोलये येथे बेताळाची स्थाने आहेत. पुण्याची वेताळ टेकडी तर शहराच्या मधोमध उभी आहे. कोकणातला गावकरी रात्री उशिरा घरी परतताना वेतोबाचे नाव घेतो ते त्याची भीती वाटते म्हणून नव्हे, सोबत व्हावी म्हणून. माणसाचे रक्त वर्ज्य मानणारी ‘थामा’तली टोळी ड्रॅक्युलापेक्षा या ग्रामदेवतेला जवळची आहे, आणि दिग्दर्शक मराठी असणे यात निव्वळ योगायोग नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लांडग्याची गोष्ट मात्र निराळी. रूप बदलणारा लांडगा मराठी लोककथेत फारसा दिसत नाही. त्याचा मान वाघाकडे आहे. नाशिक जिल्ह्यात ओझरच्या पलीकडे दिंडोरी ओलांडून पेठ-सुरगाण्याकडे गेले की आदिवासी पाड्यांवर वाघदेवाची पूजा होते आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळली जाते. महेश भट यांच्या ‘जुनून’मध्ये (१९९२) राहुल रॉय पौर्णिमेच्या रात्री लांडगा न होता वाघ होतो, ही निवड म्हणूनच या मातीला धरून वाटते.

पूर्वपीठिका : राजकुमार कोहलींच्या ‘जानी दुश्मन’मध्ये (१९७९) लाल जोड्यातली नवरी दिसताच माणसाचा केसाळ राक्षस होतो. रामसे बंधूंच्या ‘बंद दरवाजा’त (१९९०) अनिरुद्ध अग्रवाल यांनी ड्रॅक्युलाच्या धर्तीचा नेवला उभा केला; त्यांची उंची आणि चेहरेपट्टी हेच त्या चित्रपटाचे खरे बळ. मराठीत हे काम आधी कादंबरीने केले. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी ‘लुचाई’ या कादंबरीत स्टीफन किंगचा रक्तपिपासू मराठी गावात आणला. मराठी वाचकांची एक अख्खी पिढी धारपांच्या पुस्तकांवर रात्री जागली. भयपट करणाऱ्या मराठी दिग्दर्शकांना तयार प्रेक्षक मिळाला तो त्यांच्यामुळे.

दिग्दर्शक : सरपोतदार हे मूकपटांच्या काळात पुण्यात चित्रपट काढणाऱ्या नानासाहेब सरपोतदारांच्या घराण्यातील चौथ्या पिढीचे. ‘उलाढाल’ (२००८), ‘नारबाची वाडी’ (२०१३), ‘फास्टर फेणे’ (२०१७) आणि ‘माउली’ (२०१८) या मराठी चित्रपटांनंतर त्यांनी ‘झोंबिवली’ (२०२२) केला. डोंबिवलीच्या पाणीप्रश्नातून जिवंत प्रेतांची साथ पसरवणारा हा चित्रपट त्यांच्या पुढच्या वाटचालीची नांदी ठरला. ‘मुंज्या’त त्यांनी कोकणातल्या पिंपळावरचे, मुंज होऊन अकाली मेलेल्या मुलाचे भूत हिंदी प्रेक्षकांसमोर ठेवले, आणि मोठा तारा नसतानाही चित्रपट देशात १०० कोटींच्या पुढे गेला.

मूल्यमापन : ‘थामा’नेही देशात १०० कोटींचा टप्पा ओलांडला, समीक्षकांची मते मात्र दुभंगली. वेताळ आणि लांडगा यांची दिल्लीतली झुंज हा चित्रपटाचा उत्कर्षबिंदू. संगणकीय दृश्यांची सफाई तिथे दिसते, आणि दोन्ही पात्रांची लढण्याची ढब वेगळी ठेवल्याने ती नुसती धुमश्चक्री होत नाही. प्रेमकथा मात्र लांबली आहे. यक्षासन गुहेत बंदिस्त असल्याने नवाजुद्दीन यांच्या वाट्याला बराच वेळ नुसते संवाद येतात. ‘मुंज्या’त समुद्र, पिंपळ, आजी आणि देवघर यांमुळे भूत खरे वाटले होते. ‘थामा’चे जंगल कुठलेही असू शकते. तिथल्या वेताळांना गाव नाही, देऊळ नाही, नवस नाही, आणि हीच या चित्रपटाची सर्वांत मोठी उणीव आहे. वेतोबाचा मुलूख सरपोतदारांना परका नाही. त्यांनी पुढचा वेताळ मराठीत करावा आणि चित्रीकरणाला आरवलीत जावे.