लाकडाची फळी आणि बोर्ड

इंग्रजीतील ‘बोर्ड’ या शब्दाचा मूळ अर्थ लाकडाची फळी एवढाच होता. त्याला पुढे जे अर्थ चिकटले, त्यांपैकी बरेचसे मध्ययुगीन इंग्लंडमधील जेवणघरात जन्मले. सरदारांच्या वाड्यांतील मोठ्या दालनात त्या काळी एका जागी ठेवलेले टेबल बहुधा नसे. लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकून जेवण मांडले जाई आणि ते उरकले की फळ्या उचलून बाजूला ठेवल्या जात. त्यामुळे ‘बोर्ड’ म्हणजे आधी जेवणाचे टेबल आणि मग त्यावर येणारे जेवणच झाले. आज कपाट या अर्थी वापरला जाणारा ‘कपबोर्ड’ हा शब्दही आरंभी पेले मांडून ठेवण्याच्या उघड्या फळीचा वाचक होता.

जहाजावरचा ‘बोर्ड’ मात्र थोडा वेगळा आहे. जुन्या इंग्रजीत कड किंवा बाजू या अर्थाचा, अगदी याच रूपाचा आणखी एक शब्द होता व कालांतराने दोन्ही एकमेकांत मिसळले. सुकाणूचे वल्हे जहाजाच्या उजव्या बाजूला असे म्हणून ती बाजू ‘स्टारबोर्ड’, म्हणजे सुकाणूची बाजू, ठरली; डाव्या बाजूचे ‘लारबोर्ड’ हे नाव तिच्याशी उच्चारात इतके जुळे की वादळात आज्ञा ऐकताना घोटाळा व्हावा, आणि म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये ते काढून ‘पोर्ट’ हा शब्द रूढ केला.

सोळाव्या शतकात टेबलाचे नाव त्याभोवती बसून निर्णय घेणाऱ्या माणसांना मिळाले. हे स्थित्यंतर सामान्य माणसाला किती परके वाटत असेल याची डिकन्सने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये थट्टा केली आहे: गरिबांसाठीच्या वर्कहाऊसमधील अनाथ पोराला बोर्डाला नमस्कार करण्यास सांगितले जाते आणि समोर फळी न दिसल्याने तो बिचारा टेबलापुढे वाकतो.

महाराष्ट्रात नेमके उलटे घडले. येथे शब्द आला तो सत्तेच्या अर्थाने, आणि लाकूड मागेच राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करण्यासाठी 1784 च्या कायद्याने लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ स्थापन झाले होते. मुंबईत 1840 मध्ये ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ आले, ज्याच्या सदस्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. आणि 1884 च्या कायद्याने जिल्ह्या-तालुक्यांत लोकल बोर्डे झाल्यावर तर ‘लोकल बोर्डाची शाळा’ हा खेड्यापाड्यांतल्या बोलण्यातला शब्दप्रयोग बनला. पुढे शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीत नाव झळकणे म्हणजे ‘बोर्डात येणे’ झाले, ही तर शुद्ध मराठी करामत. इंग्रजाला ती समजावून सांगावी लागेल. दुकानावरची पाटी हा एक अर्थ तेवढा फळीच्या जवळचा उरला. खऱ्या फळीसाठी मराठीला उसन्या शब्दाची गरजच नव्हती, कारण तिची स्वतःची ‘फळी’ सैन्याच्या रांगेपासून पक्षातल्या ‘दुसऱ्या फळीच्या’ नेत्यांपर्यंत आधीच पोहोचली होती.

जेवणाचा अर्थ मराठीत आला तो ‘बोर्डिंग’ या रूपाने, पण येताना त्यातले जेवण हरवले आणि शब्द वसतिगृहाचा वाचक झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी अशी बोर्डिंगे निघाली, आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगाला पुढे शाहू महाराजांचेच नाव लाभले. या साताऱ्याच्या बोर्डिंगात मात्र शब्दाचा हरवलेला अर्थ, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, परत आला. कारण तिथे छपरापेक्षा रोजच्या भाकरीचा प्रश्न अधिक बिकट होता आणि मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अखेर आपले मंगळसूत्रही मोडले.