चार पायांचा मासा

पुण्यात भूशास्त्र शिकताना मी काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन दगडाचे पातळ छेद घासत असे. हात जरा जास्त चालला की बेसाल्टची चकती पाहता पाहता विरून जाई. तीन दिवस खपून केलेला एक छेद असा गेला, तेव्हा डोळ्यांत पाणी आले होते. पण बेसाल्ट काय, पुन्हा टेकडीवरून आणता येतो. स्वीडनचे जीवाश्मशास्त्रज्ञ एरिक यार्विक तशाच पुडीने सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या माशाची कवटी मुद्दाम घासून संपवत, हे पुढे वाचले आणि तो माणूस माझ्या मनातून कधी गेला नाही.

स्टॉकहोममध्ये ही रीत रुळलेली होती. यार्विक यांचे गुरू एरिक स्टेन्शिओ यांनी स्पिट्सबर्गेनच्या जीवाश्म माशांवर ती वापरली होती. कवटीचा मिलिमीटरचा काही अंश घासायचा, उघडा पडलेला पृष्ठभाग टिपून घ्यायचा, पुन्हा घासायचे. मग प्रत्येक छेदाची मोठी आकृती मेणाच्या पातळ पत्र्यातून कापून ते पत्रे एकावर एक रचायचे. दगडातला मासा संपतो आणि मेणाचा मासा उभा राहतो, नसांच्या नि रक्तवाहिन्यांच्या वाटांसकट. यार्विक यांनी कॅनडातल्या युस्थेनोप्टेरॉन या माशाचे डोके असेच उलगडले.

पण त्यांचे आयुष्य बांधले गेले ग्रीनलंडशी. लाउगे कॉख यांच्या डॅनिश मोहिमेतून १९३१ साली गुन्नार सेव्ह-सोडरबर्ग पूर्व ग्रीनलंडला गेला. वय अवघे एकवीस. तिथल्या डेव्होनियन काळाच्या दगडांत त्याला माशाशी नाते सांगणाऱ्या, पण मासा नसलेल्या प्राण्याच्या कवट्या मिळाल्या. १९३२ मध्ये त्याने नाव दिले इक्थिओस्टेगा. वर्तमानपत्रांनी त्याला ‘चार पायांचा मासा’ करून टाकले. यार्विक मोहिमेत आले ते त्याच वर्षी. पुढे गुन्नारला क्षयाने गाठले आणि १९४८ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो गेला. इक्थिओस्टेगाचे काम यार्विक यांच्याकडे आले.

त्यांनी घाई केली नाही. १९५२ मध्ये माशासारखी शेपटी आणि मागचे पाय दाखवले. पायाला पाच बोटे काढली.

१९८७ मध्ये केंब्रिजच्या जेनी क्लॅक ग्रीनलंडला गेल्या. एका विद्यार्थ्याच्या १९७० सालच्या टिपणवहीत कवटीची हाडे कुठे सापडतात याची नोंद होती, तिच्या आधाराने त्यांनी नेमकी जागा गाठली. डोंगराचे नाव स्टेन्शिओ बर्ग, म्हणजे यार्विक यांच्या गुरूंचेच. त्या मोहिमेतल्या जीवाश्मांवर काम करून त्यांनी आणि मायकेल कोट्स यांनी १९९० मध्ये दाखवले, की इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात बोटे होती. स्टेन्शिओ बर्गवरच्या अकँथोस्टेगा या दुसऱ्या प्राण्याच्या पुढच्या पायाला तर आठ. यार्विक यांच्यासारखा काटेकोर डोळा पाचावर थांबला, याचे मला आजही वाईट वाटते. कमी-जास्त घासल्याची चूक मी ओळखतो. ही त्याहून खोलवरची.

यार्विक यांचा इक्थिओस्टेगावरचा मोठा ग्रंथ १९९६ मध्ये आला. पहिल्या नोंदीनंतर चौसष्ट वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. दोनच वर्षांनी ते गेले.