आम्हाला एवढ्याला पडलाय!

मागच्या रविवारी मावसभावाबरोबर कोथरूडला एक रीसेलचा फ्लॅट बघायला गेलो होतो. भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान, नुकतंच लग्न झालंय, नोकरी हिंजवडीला. (म्हणजे रोजचे दोन-अडीच तास रस्त्यात. पण तो वेगळा विषय.) फ्लॅटचे मालक अगदी सज्जन काका. चहा झाला, खिडकीतून टेकडी दाखवून झाली, मग आकडा निघाला. भाऊ जरा चाचरत म्हणाला, "काका, याच सोसायटीत खालच्या मजल्यावरचा फ्लॅट दोन महिन्यांपूर्वी बराच कमीला गेलाय." काका शांतपणे म्हणाले, "गेला असेल. पण आम्हाला हा एवढ्याला पडलाय. त्याच्या खाली आम्ही देणार नाही."

जिना उतरताना भाऊ वैतागला. "त्यांना कितीला पडला याच्याशी माझा काय संबंध?"

मुद्दा बिनतोड होता. तरी मी गप्प बसलो, कारण हेच वाक्य एकदा मीही बोललोय. २००८ साली, बॉस्टनजवळच्या एका गावात, माझं घर विकायला घेतलेल्या एजंटबाईंना, इंग्रजीतून. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास. कारण त्याच बॉस्टनमध्ये माझ्या आधी पंधरा-वीस वर्षं हजारो लोक हे वाक्य बोलून गेले होते, आणि दोन अर्थतज्ज्ञांनी त्यांचा चक्क डेटा गोळा करून ठेवला होता. मी तो वाचला फार उशिरा.

तर मंडळी, चला १९८० च्या दशकात. बॉस्टनला वळसा घालून जाणारा रूट १२८ हा हायवे म्हणजे तेव्हाची एक सिलिकॉन व्हॅलीच. डिजिटल, वँग, डेटा जनरल, प्राइम अशा मिनीकॉम्प्युटरवाल्या कंपन्या जोरात होत्या. नोकऱ्या होत्या, पगार होते, आणि या सगळ्याला 'मॅसॅच्युसेट्स मिरॅकल' असं झोकदार नावही मिळालं होतं. साहजिकच घरं महागली. वेल्सली कॉलेजातल्या कार्ल केस या प्राध्यापकाने १९८६ मध्ये साधा प्रश्न विचारला: ही वाढ पगार, नोकऱ्या, व्याजदर, बांधकामाचा खर्च यांतून समजते का? त्याचं मॉडेल सांगत होतं की या सगळ्याच्या जोरावर किमती साधारण १५ टक्के वाढायला हव्या होत्या. प्रत्यक्षात १९८८ च्या सुमारास शिखर गाठेपर्यंत त्या १४० टक्क्यांहून जास्त वाढल्या. उरलेली वाढ कशाची? 'अजून वाढणार' या खात्रीची.

मग केस आणि रॉबर्ट शिलर यांनी मे १९८८ मध्ये घर घेतलेल्या लोकांना टपालाने प्रश्नावल्या पाठवल्या. बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिसजवळची ऑरेंज काउंटी, आणि तुलनेसाठी मिलवॉकी, जिथे तेजी नव्हतीच. घर घेताना काय वाटत होतं, हे तर विचारलंच. पण ज्यांनी आधीचं घर विकलं होतं त्यांना आणखी एक मस्त प्रश्न होता: समजा तुम्हाला मिळाली ती किंमत मिळाली नसती, तर काय केलं असतं? गिऱ्हाईक मिळेपर्यंत किंमत उतरवत गेलो असतो, असं म्हणणारे फार थोडे निघाले. किंमत तीच ठेवून वाट बघू, हे उत्तर मात्र भरपूर.

हे उत्तर महत्त्वाचं आहे. शेअरबाजार पडतो तेव्हा संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. घरांचा बाजार पडतो तेव्हा आधी किंमत पडत नाही, आधी विक्री थांबते. घेणारा नव्या भावाने बोलतो, विकणारा जुन्या भावाला चिकटून बसतो आणि मधल्या मध्ये व्यवहारच होत नाहीत. कागदावर भाव 'टिकून' दिसतो. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये फक्त यशस्वी ट्रान्झॅक्शन्स लिहिली जातायत. फेल झालेल्यांची नोंदच नाही, आणि आपण तो लॉग बघून म्हणतोय की सिस्टिम झकास चाललीय!

बॉस्टनचं पुढे काय झालं? मिनीकॉम्प्युटरला पीसीने खाल्लं, जानेवारी १९९१ मध्ये बँक ऑफ न्यू इंग्लंड बुडाली, ऑगस्ट १९९२ मध्ये वँगने दिवाळखोरी जाहीर केली. शहरातल्या कॉन्डोंच्या (म्हणजे आपल्याकडचे ओनरशिप फ्लॅट) किमती १९८२ ते १९८९ मध्ये १७० टक्के चढल्या होत्या, त्या पुढच्या चार वर्षांत ४० टक्के उतरल्या.

आता येतात आपल्या गोष्टीतले ते दोन अर्थतज्ज्ञ, डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर. त्यांनी १९९० ते १९९७ या काळात मध्य बॉस्टनमध्ये विकायला निघालेल्या जवळजवळ सहा हजार कॉन्डोंची माहिती घेतली आणि २००१ मध्ये निबंध छापला. कल्पना सोपी आणि सुंदर आहे. एकाच इमारतीत एकसारखे दोन फ्लॅट धरा. एकाने १९८४ मध्ये घेतला, दुसऱ्याने १९८९ मध्ये. दोघांनीही १९९२ मध्ये विकायला काढला. फ्लॅट तोच, बाजार तोच, तर मागितलेली किंमतही तीच हवी ना?

तशी ती नव्हती. तोट्यात असलेला मालक जास्त मागत होता, आणि हे 'जास्त' मोजता येत होतं. खरेदीची किंमत आणि आजची अपेक्षित किंमत यांतल्या फरकाच्या २५ ते ३५ टक्के. म्हणजे दोन लाख डॉलरला घेतलेला फ्लॅट आज दीड लाखाचा असेल, तर मालक शेजाऱ्यापेक्षा साडेबारा ते साडेसतरा हजार वर सांगणार.

गंमत म्हणजे यातलं थोडं त्यांना मिळतही होतं! त्याच फरकाच्या ३ ते १८ टक्के. म्हणजे हट्ट अगदीच वाया जात नव्हता. पण त्याचं बिल वेळेत भरावं लागायचं. घर जास्त दिवस पडून राहायचं, आणि बरेच जण कंटाळून पाटी उतरवून टाकायचे. १९९२ च्या मंदीत नव्याने विकायला निघालेल्या घरांची सांगितलेली किंमत अपेक्षित भावापेक्षा सरासरी ३५ टक्के वर होती, आणि १८० दिवसांच्या आत विकली जाणारी घरं ३० टक्केसुद्धा नव्हती.

तुम्ही म्हणाल, बिचाऱ्यांवर कर्ज असेल. बरोबर आहे. घर विकून कर्जच फिटणार नसेल, किंवा पुढच्या घराच्या डाउन पेमेंटला काही उरणार नसेल, तर माणूस करणार काय? या दोघांनी तेही तपासलं. कर्जाचा परिणाम होताच, पण तो बाजूला काढल्यावरही तोट्याचा परिणाम उरलाच. शिवाय गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेणाऱ्यांपेक्षा स्वतः राहणाऱ्यांमध्ये तो साधारण दुप्पट. म्हणजे हा नुसता पैशाचा मामला नव्हता. ज्या भिंतीवर मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत तिची किंमत उतरवायला हात धजत नाही.

काह्नेमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्येच याचं मूळ सांगितलं होतं. आपण फायदा-तोटा कुठल्यातरी ठरलेल्या खुणेपासून मोजतो. तेवढ्याच फायद्याचा आनंद छोटा असतो, तेवढ्याच तोट्याचं दुःख मोठं. आणि पक्का तोटा समोर दिसला की एरवी सावध असणारा माणूस जुगार खेळायला तयार होतो. घराच्या बाबतीत ती खूण म्हणजे खरेदीखतावरचा आकडा, आणि तो जुगार म्हणजे 'थोडं थांबू या, बाजार सुधारेल'.

बॉस्टनचा बाजार सुधारलाही. १९९७ च्या अखेरीस किमती जुन्या शिखराच्या जवळपास पोचल्या. "बघा, थांबलो म्हणून वाचलो!" असं कुणी म्हणालाही असेल. पण या आठ वर्षांत अमेरिकेत महागाई जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढली होती. आकडा तोच परत आला, पैसा तो राहिला नव्हता.

आता माझी गोष्ट. कॉन्डो घेतला २००५ मध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला, तीन लाख दहा हजार डॉलरला. म्हणजे बरोब्बर शिखरावर. (टायमिंगच्या बाबतीत आमच्या घराण्याचा हात कुणी धरू नये.) २००८ च्या वसंतात पुण्याहून फोन आला की बाबांच्या किडन्या नीट चालत नाहीत, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आम्ही परत जायचं ठरवलं. मी एक्सेल उघडलं. खरेदीची किंमत, अधिक नवी लाकडी जमीन, अधिक एजंटचं कमिशन. आकडा निघाला तीन लाख तीस हजार. एजंटबाईंनी यादी समोर ठेवली, आसपासची घरं दोन नव्वदच्या आत-बाहेर जात होती. त्यांनी एवढंच विचारलं, "विकून तुला जायचं कुठे आहे?" मी म्हटलं, भारतात, वडील आजारी आहेत. त्या म्हणाल्या, "मग आकडा त्या हिशोबाने ठरव." आणि मी म्हणालो, बाई, मला तो एवढ्याला पडलाय.

सात आठवड्यांनी एका तरुण जोडप्याची ऑफर आली. दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. मला अपमान वाटला. खरंच अपमान, दुसरा शब्द नाही. नाही म्हणून टाकलं. जूनमध्ये बायको आणि मुलगी पुढे गेल्या, मी "घर विकलं की येतो" म्हणून मागे राहिलो. सप्टेंबरमध्ये लेहमन बुडाली, त्यानंतर घर बघायलासुद्धा कुणी फिरकेना. मी किंमत पाच-पाच हजारांनी उतरवत राहिलो, दर वेळी बाजाराच्या दोन पायऱ्या मागे. शेवटी ऑगस्ट २००९ मध्ये घर गेलं दोन लाख बावन्न हजारांना.

आम्ही प्रोग्रामर लोक. घराच्या किमतीचं फंक्शन मला झोपेतून उठवून लिहायला सांगितलं असतं तरी क्षेत्रफळ, जागा, व्याजदर, घेणाऱ्याची ऐपत हेच पॅरामीटर लिहिले असते. 'मी कितीला घेतलं' हा त्यात नाहीच, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आपल्याच घराची वेळ आली की हा एक ग्लोबल व्हेरिएबल कुठूनतरी आत घुसतो.

तेव्हाची मंदी अख्ख्या देशाची होती. बॉस्टनमध्ये २००५ च्या शिखरापासून किमती १८-२० टक्के पडल्या, लास व्हेगासमध्ये ६० टक्क्यांहून जास्त. या फरकाची कारणं बरीच आहेत, बेसुमार बांधकाम आणि भलत्यांना दिलेली कर्जं ही मोठी. पण तिथे विकणारा बहुतेक वेळा बँक होती, हेही एक. बँकेला स्वयंपाकघर आठवत नाही. ती आजचा भाव बघते आणि विकून मोकळी होते.

पैशांचा हिशोब केला तर माझा हट्ट छत्तीस हजार डॉलरला पडला, वर चौदा महिन्यांचं व्याज आणि टॅक्स. ते नंतर भरून निघालं. बाबा २०११ मध्ये गेले. त्यांना मिळालेल्या शेवटच्या तीन वर्षांपैकी एक वर्षाहून जास्त मी एका रिकाम्या कॉन्डोत, फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून, आकडा धरून होतो. बाबा दर रविवारी फोनवर विचारायचे, "गिऱ्हाईक आलं का रे?"

असो. काल भावाचा फोन होता, काकांना अजून एकदा भेटू का म्हणून. मी म्हटलं, भेट. पण खालच्या मजल्याचा भाव परत ऐकवू नकोस, तो त्यांना माहीत आहे. फ्लॅट विकून त्यांना कुठे जायचंय, ते विचार. त्यांचा मुलगा बंगलोरला असतो म्हणे, नात आता दोन वर्षांची आहे.