साभार परत आणि केराची टोपली

बुधवार पेठेतील सिटी पोस्टाच्या पायऱ्या चढउतार केलेल्या आमच्या पिढीला 'बैरंग' हा शब्द समजावून सांगावा लागत नसे. पुरेसे तिकीट न लावता टाकलेले पत्र म्हणजे बैरंग पत्र. पोस्टमन ते दारात आणी आणि कमी पडलेल्या तिकिटाच्या दुप्पट पैसे मागे. पैसे द्यायचे ते पत्र घेणाऱ्याने; लिहिणाऱ्याने नव्हे. मात्र घेणाऱ्याच्या हाती एक हक्क शिल्लक होता. तो पत्र नाकारू शकत असे.

या शब्दामागे एक मोठी व्यवस्था उभी होती. १८५४ साली हिंदुस्थानात टपालाचा दर अंतरावरून न ठरता वजनावरून ठरू लागला. पाव तोळा वजनाचे पत्र देशात कोठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले. तिकीट आधी लावावे, न लावल्यास दुप्पट भरावे, असा तो नियम होता. बोलू इच्छिणाऱ्याने बोलण्याची किंमत आधी मोजावी, हे त्या नियमाचे मर्म. ती किंमत अल्प असली तरी शून्य नव्हती, म्हणून हजार अनोळखी माणसांना पत्र लिहिण्यापूर्वी कोणीही दोनदा विचार करी. 'हे पत्र इतक्या जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट घडेल' अशी देवदेवतांच्या नावाची पोस्टकार्डे आपल्याकडे घरोघर येत असत, हे खरे. पण तीही कोणीतरी हाताने लिहिलेली आणि पदरमोड करून टाकलेली असत.

ईमेलने ही व्यवस्था उलटी केली. एक पत्र पाठवायला जितका खर्च येतो, जवळजवळ तितकाच एक लाख पत्रे पाठवायला येतो. ती साठवण्याचा, चाळण्याचा आणि पुसून टाकण्याचा खर्च मात्र घेणाऱ्याच्या माथी पडतो. थोडक्यात, प्रत्येक पत्र बैरंग झाले आणि दारातून परत पाठवण्याचा हक्क तेवढा गेला. ज्याला आज आपण स्पॅम म्हणतो त्याचे मूळ माणसांच्या दुष्टपणात शोधण्यापेक्षा या उलट्या हिशेबात शोधणे अधिक योग्य, असे आम्हांस वाटते.

या हिशेबाचा सर्वांत मोठा चटका बसला तो चर्चासूचींना. चर्चासूची म्हणजे एकच पत्ता, त्यावर आलेले प्रत्येक पत्र सर्व सभासदांना पोचते करणारी आज्ञावली आणि तिच्यावर देखरेख ठेवणारा एक माणूस. १९८६ साली एरिक तोमा यांनी 'लिस्टसर्व्ह' ही आज्ञावली लिहिली आणि तोवर हातांनी चालणारे सभासदत्वाचे काम यंत्राकडे गेले. १९९२ मध्ये 'मेजरडोमो' आली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस 'मेलमन' आली. विद्यापीठे, ग्रंथपाल, संगणकतज्ज्ञ, भाषाप्रेमी अशा असंख्य मंडळ्या या तीन नावांच्या आधाराने वर्षानुवर्षे बोलत राहिल्या. पुण्यातील लिनक्सप्रेमींची सूची त्यांतलीच.

आरंभी या दारांना कड्या नव्हत्या. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क यांनी आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेटवरील सुमारे चारशे पत्त्यांवर एकदम पाठवली, तेव्हा संतापाची लाट उठली; पण तो अपवाद मानला गेला. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात यूझनेटच्या हजारो चर्चागटांत टाकली. पुढे हा अपवाद राहिला नाही. सूचीचालकाला दाराशी बसणे भाग पडले.

मेलमनमध्ये दाराशी अडवलेल्या पत्रासाठी चालकापुढे चार पर्याय येतात. पत्र तूर्त ठेवून द्यावे. मान्य करून सर्वांना पाठवावे. कारण लिहून लेखकाकडे परत करावे. किंवा काहीही न कळवता नष्ट करावे. मराठी साहित्याच्या वाचकाला यांतील शेवटचे दोन पर्याय ओळखीचे वाटतील. आपल्या नियतकालिकांच्या भाषेत एकाला 'साभार परत' म्हणतात आणि दुसऱ्याला 'केराची टोपली'. सूचीचालकाच्या कामातील सारा नैतिक प्रश्न या दोहोंच्या मधल्या जागेत आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषयही तोच आहे.

'साभार परत' हे शब्द नवलेखकाला कितीही झोंबोत, त्यांत एक कबुली असते. तुम्ही लिहिलेत, ते आम्हांस मिळाले, आम्ही ते वाचले, आणि नाकारणारे आम्ही आहोत. लेखकाला वाद घालता येतो, दुसरे दार ठोठावता येते. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा जोतीराव फुले यांनी तिचे निमंत्रण नाकारणारे पत्र पाठवले. ते ११ जून १८८५ च्या 'ज्ञानोदया'त छापले गेले, म्हणून आज आपण ते वाचू शकतो. ग्रंथकारांच्या चर्चेत कोणाचे दुःख येते आणि कोणाचे येत नाही, हा त्या पत्राचा रोख होता. एका सभेविषयीची तक्रार दुसऱ्याच्या पानावर टिकली, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. चर्चेला दारे अनेक असावी लागतात, आणि दार बंद झाले हे बाहेरच्याला कळावे लागते.

स्पॅमने नेमका हाच शिष्टाचार अशक्य केला. स्पॅम पाठवणारा आपला पत्ता खोटा लिहितो. अनेकदा तो कोणा निरपराध माणसाचा असतो. अशा पत्राला 'साभार परत' पाठवले तर ते त्या निरपराध माणसाच्या दारात जाऊन पडते. म्हणजे सभ्यपणे नकार देणारा सूचीचालक स्वतःच नवा उपद्रव होतो. तेव्हा शहाणपणाचा सल्ला एकच उरला: गुपचूप नष्ट करा. स्पॅममुळे लोकांचा किती वेळ वाया गेला याचे हिशेब पुष्कळ झाले. त्याने नकाराचे उत्तर देण्याची रीत मोडली, या नुकसानीकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही.

नष्ट काय करायचे, हे ठरवण्यासाठी गाळण्या आल्या. आरंभीच्या गाळण्या निषिद्ध शब्दांच्या याद्यांवर चालत. १९९६ मध्ये इंग्लंडमधील स्कन्थॉर्प या गावच्या रहिवाशांना एओएलवर खातेच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक अश्लील इंग्रजी शब्द दडलेला होता. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम यांनी आपल्या एका निबंधात वेगळा मार्ग मांडला. कोणताही शब्द मुळात दोषी नसतो. तो आजवर चांगल्या पत्रांत किती वेळा आला आणि वाईट पत्रांत किती वेळा, हे मोजावे आणि त्यावरून नव्या पत्राविषयी संभाव्यता काढावी. शब्दाची पारख संगतीवरून करणारी ही रीत साहित्याच्या अभ्यासकाला पटण्यासारखीच आहे.

पण ती कोणाची संगत मोजते? 'बुधवार पेठ' हे दोनच शब्द घ्या. एकाला त्यांतून दगडूशेठचा गणपती दिसतो, दुसऱ्याला तपकीर गल्लीतील विजेच्या सामानाची दुकाने, तिसऱ्याला १८४८ पासूनचे पुणे नगर वाचन मंदिर. त्याच वर्षी मुलींची शाळा जेथे सुरू झाली तो भिडे वाडाही येथलाच. आणि देशभरातल्या अनेकांना या नावाने केवळ वेश्यावस्ती आठवते. परगावच्या पत्रांवर पोसलेल्या गाळणीला हे नाव बहुधा याच शेवटच्या संगतीत भेटेल. मग त्या वस्तीतील स्त्रियांच्या आरोग्याविषयी कळकळीने लिहिलेले पत्र आणि तिच्या नावाने धंदा करणारे पत्र यांत तिला फारसा फरक दिसणार नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

मराठीची अडचण याहून मूलभूत होती. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण पुढे पुष्कळ वर्षे मराठी पत्रे एकतर रोमन लिपीत लिहिली जात, नाहीतर एखाद्या खासगी फाँटमध्ये. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्यांची निरर्थक रोमन अक्षरे होत. युनिकोड रुळल्यावर गाळणीची पाळी आली. स्पॅमअसॅसिन या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या गाळणीत 'दूरदेशीची लिपी' या अर्थाचे नियम होते. मजकूर बेस-६४ या पद्धतीने बांधलेला असेल, तर तो वेष पालटून आला असे मानून दोषाचे गुण देणारा नियमही होता. देवनागरी पत्रे पुष्कळदा याच पद्धतीने बांधली जातात. शब्द मोजणाऱ्या गाळण्यांना तर आमचे शब्दच दिसत नसत. ग्रॅहॅम यांच्या मूळ मांडणीत इंग्रजी अक्षरे, अंक आणि दोनतीन चिन्हे यांपलीकडचे सारे काही शब्दांमधली मोकळी जागा होती. पायथन भाषेतील शब्द वेचण्याचे प्रचलित साधन काना आणि वेलांटी यांना अक्षर मानत नाही. 'मराठी' या शब्दाचे ते 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे करते. यात कोणाचा मराठीवर राग नव्हता. ज्यांच्या पत्रांवरून नियम बेतले गेले, त्यांत आम्ही नव्हतो, इतकेच.

यंत्रांचा परस्परांवरील संशय पुढे वाढतच गेला. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांवरून निघालेल्या पत्रांची कडक ओळखतपासणी सुरू केली. चर्चासूची पत्राच्या विषयात आपले नाव किंवा तळाशी दोन ओळी जोडते. तेवढ्याने मूळ सही जुळेना. पत्रे इतरत्र नाकारली जाऊ लागली आणि ती नाकारणाऱ्या ठिकाणचे निष्पाप सभासद 'पत्ता चुकीचा' म्हणून सूचीतून आपोआप वगळले गेले. त्यावर उपाय निघाला तो असा, की पत्र लेखकाच्या नव्हे, सूचीच्या पत्त्यावरून निघाल्याचे दाखवायचे. चर्चा वाचली, लेखकाचा पत्ता 'प्रेषक' या जागेवरून हलला. १५ डिसेंबर २०२० रोजी याहू ग्रुप्स ही सेवाच बंद झाली.

साहित्याच्या अध्यापकांच्या एका लहानशा सूचीचे व्यवस्थापन आम्ही काही वर्षे केले. रोज सकाळी अडवलेल्या पत्रांची यादी समोर येई: लॉटरी, औषधे, परदेशी वारसांच्या ठेवी. देवनागरीत लिहिलेला विषय त्या यादीत नीट उमटत नसे. प्रश्नचिन्हे आणि बरोबरच्या खुणा यांत अडकलेली रोमन अक्षरांची माळ तेवढी दिसे. एके दिवशी चाळीसएक पत्रांवर आम्ही एकदमच 'नष्ट करा' अशी खूण केली.

काही महिन्यांनी अप्पा बळवंत चौकातील एका पुस्तकाच्या दुकानात एक निवृत्त प्राध्यापक भेटले. मर्ढेकरांच्या पाठभेदांवरचे टिपण त्यांनी आमच्या सूचीवर पाठवले होते. "तुम्हांला ते पटलेलं दिसत नाही," ते म्हणाले, "पण सर, साभार परत तरी पाठवायचं."

त्यानंतर आम्ही नियम बदलला. सभासदाचे पत्र दोघांनी उघडून पाहिल्याशिवाय नष्ट करायचे नाही, आणि नाकारलेल्या सभासदाला कारण कळवायचेच. काम दुप्पट झाले. तक्रार कोणी केली नाही. प्राध्यापकांनी मात्र ते टिपण थेट संगणकावरच लिहिले होते आणि प्रत ठेवली नव्हती. आम्ही ते अजूनही वाचलेले नाही.