वळण

बेळगावजवळच्या आमच्या कडोलीत पोरानं भर चौकात उलट उत्तर दिलं, की म्हातारी माणसं बापाचं नाव विचारायच्या आधी शाळेचं विचारायची. ‘‘कुणाच्या हाताखाली शिकूलास गा?’’ हा प्रश्न मी पोर असताना ऐकला आहे आणि पुढं मास्तर झाल्यावर त्याचं उत्तर म्हणून माझं नाव घेतलेलंही ऐकलं आहे. दुसरं जास्त लागतं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मला एका प्रशिक्षणाला धाडलं होतं. फळ्यावर विषय कन्नडात लिहिला होता. मराठीत सांगायचं तर, शाळेत सकारात्मक संस्कृती कशी रुजवावी. तीन दिवस, दुपारी जेवण, चारला चहा. सांगणारा पोरगा हुशार होता, चुकीचं काही बोलला नाही. मला मात्र सारखं वाटत होतं, की ह्याला आमच्यात वळण म्हणतात आणि ते तीन दिवसांत लागत नाही. अक्षराला असतं, पोराला असतं, तसं शाळेलाही असतं.

त्या वळणाचा इतिहास काही सगळा गोड नाही. माझ्या पणजोबांची शाळा पंतोजीची. धूळपाटीवर बोटानं अक्षर गिरवायचं, पाढ्यांबरोबर पावकी-निमकी घोकायची, सांजेला परवचा, जरा मोठं झाल्यावर मोडी. चुकलं की घोडी, म्हणजे आढ्याला बांधलेल्या दोरीला लोंबकळायचं, हात सुटले की पाठीत वेत. घरात ही गोष्ट हसत सांगितली जायची. मला कधी हसू आलं नाही.

पण त्याच शाळांत एक शहाणी रीत होती. थोरल्यानं धाकट्याला शिकवायचं. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री अठराव्या शतकाच्या अखेरीला मद्रासेत होता. देशी शाळेतली मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना त्यानं पाहिली, ते आपल्या अनाथालयात लागू केलं, मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतलं आणि विलायतेत मद्रास पद्धत म्हणून तिचा बोलबाला झाला. पुढं १९९५ साली म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात नली-कली सुरू झाली, म्हणजे खेळत शिकणं, आणि २००९ च्या सुमारास ती कर्नाटकभर आली. पहिली ते तिसरीची पोरं गोल करून एकत्र बसायची, थोरलं धाकट्याला कार्ड दाखवायचं. सगळे म्हणाले, नवीन आहे. माझ्या पणजोबांना ते नवीन वाटलं नसतं, फक्त दोरी कुठाय म्हणून त्यांनी वर बघितलं असतं.

शाळेत कोण कुठं बसतं, ह्यावर तिचं वळण ठरतं. जुन्या लोकल बोर्डाच्या शाळांचा अभिमान सांगणारे ही बाब सोडून देतात. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, तो पाणवठ्यांपुरता लक्षात राहिला. त्यात सरकारी शाळाही होत्या. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच, म्हणजे तो आपल्यालाही लागू. एप्रिल १९२५ मध्ये ह्याच जिल्ह्यातल्या निपाणीत आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली. ठराव मुंबईला होतो, बसकर गावात असतं. माझे वडील सांगत, त्यांच्या वर्गात सगळे आत बसत, पण पाण्याचा तांब्या एकच नव्हता. ही १९४० च्या आसपासची गोष्ट.

वडील सातवी फायनल झालेले. त्या परीक्षेवर तेव्हा माणूस प्राथमिक शिक्षक व्हायचा. त्यांचे गुरुजी गावातच बिऱ्हाड करून होते. फायनलची पोरं रात्री अंथरूण घेऊन त्यांच्या सोप्यावर झोपायला जायची, दोन कंदील, पहाटे चारला उठवणं. फी नाही. सुगीत पायली-दोन पायली जोंधळा पोचता व्हायचा, तेवढंच. मास्तर मुक्कामाला असला की त्याला पोराचं घर कळतं, घरातली भांडणं कळतात आणि त्याची स्वतःची भांडणंही गावाला कळतात. माझं मत कुणाला पटो न पटो, मोटारसायकलनं शाळेचं वळण जेवढं मोडलं तेवढं छडीनं मोडलं नसेल. बेळगाव इथून दहा-बारा किलोमीटर. मीही १९९१ ला गाडी घेतली, पोरांच्या कॉलेजसाठी बिऱ्हाड शहरात नेलं आणि साडेचारची घंटा झाली की किक मारू लागलो.

छडीचंही सांगतो. १९८६ साली चौथीतल्या एका पोराला मी गृहपाठ नाही म्हणून हातावर चार मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई भाजीची बुट्टी डोक्यावर घेऊन मार्केटला निघालेली, ती शाळेच्या पायरीशी थांबली. भांडली नाही. म्हणाली, ‘‘गुरुजी, आठ दिस झालं, घरात दिवा न्हाई ओ.’’ बुट्टीतली चार वांगी काढून कट्ट्यावर ठेवली आणि गेली. ती वांगी मला खाववली नाहीत असं लिहायला बरं वाटलं असतं. खाल्ली. मात्र त्या दिवसापासून गृहपाठ वर्गातच करून घ्यायचा, असं ठरवलं. शारीरिक शिक्षेवर बंदी घालणारा शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. तोवर छडी कपाटावर पडून होती, पुढं तिचा उपयोग नकाशा दाखवायला झाला.

सीमाभागातल्या मराठी शाळेचं वळण समजायचं, तर हजेरीपट समजावा लागतो. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्यानंतर आमच्या शाळेत पट नुसता पट राहिला नाही, पट टिकला तर मराठी शाळा टिकणार. मे महिन्यात मास्तर घरोघर फिरतात, शाळेच्या वयाचं कोण आहे, कुठं घालणार, इंग्रजीत का. त्या फिरण्यातूनच गाव शाळेत येतं. कुणी फरश्या देतं, कुणी रंग. २००१ पासून शाळा सुधारणा समित्या आल्या, पालक कागदोपत्रीही आत आले. पण कौलं बदलायला ते आधीपासून येतच होते.

ह्या हजेरीचाच मला कंटाळा होता. चाळीस नावं, चाळीस वेळा ‘हजर’. साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत, हे वाचनात आलेलं. रोज एक अंक, नोकरी सांभाळून. आपल्याच्यानं ते होणार नव्हतं. म्हटलं, हजेरीला ‘हजर’ऐवजी एक शब्द सांगायचा. घरात ऐकलेला, पुस्तकात नसलेला. शब्द नसेल तर ‘न्हाई’ म्हणायचं, तेही चालेल. पहिले चार दिवस सगळ्यांनी ‘न्हाई’च म्हटलं. पाचव्या दिवशी मागच्या रांगेतून आलं, ‘चाडं’. पेरताना बी ज्यात सोडतात ते. मग रुमणं, शिवळ, कासरा, हारा. मुली चुलीकडचे शब्द आणू लागल्या. म्हाताऱ्यांना पोरं रात्री त्रास देतात, अशी तक्रार पारावर माझ्या कानावर आली.

एकानं ‘कुरी’, म्हणजे पाभर, सांगितलं. त्याच्या शेजारच्या पोराचं आजोळ गोकाककडं, त्यानं ‘कूरिगे’ सांगितलं. पहिला उठला, ‘‘गुरुजी, माजाच शब्द चोरून बोलूलाय ह्यो!’’ कॉलरी धरल्या. शब्दावरून मारामारी, तीही पाभरीच्या, मी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाच पाहिली. निकाल मला देता येईना, म्हणून दोघांना सुताराकडं धाडलं. अर्ध्या तासानं परत आले, हातात लाकडाच्या ढलप्या. सुतार म्हणाला होता, मराठी गिऱ्हाईक आलं तर कुरी, कन्नड आलं तर कूरिगे, पैसे तेवढेच. हजेरीतले शब्द आम्ही लिहून ठेवत होतो, त्यात हे दोन्ही एकाच ओळीत लिहिले गेले.

ह्याच सुमारास एक तपासणी झाली. आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला, हजेरीस फार वेळ जातो. खरं होतं. वीस मिनिटं जायची.

वर्षाअखेर त्या शब्दांचं हस्तलिखित झालं, दोनशे पानी वही, वर खाकी पुठ्ठा. कडोलीच्या साहित्य संमेलनाला शाळेची पोरं ग्रंथदिंडीत लेझीम घेऊन जातात. वही पालखीत ठेवायची असा हट्ट पोरांनीच धरला. ज्ञानेश्वरीशेजारी ही कशी, म्हणून एक-दोघांनी नाक मुरडलं, मग एका वारकऱ्यानं स्वतः उचलून ठेवली. बायका दारोदार घागरीनं पालखी वाहणाऱ्यांच्या पायावर पाणी घालत होत्या. कुणाची तरी घागर उंच गेली आणि वही भिजली. पहिली आठ-दहा पानं निळी झाली.

दुसऱ्या दिवशी रविवारची बदली सुट्टी होती. बरं अक्षर असलेल्या दोन मुली तरीही आल्या, ऑफिसची किल्ली मागून घेतली आणि ती पानं पुन्हा लिहून काढली. संध्याकाळी मी मोजून बघितलं, तर चार शब्द जास्त होते.